माळावरचे शिंपले

सरांनी पहिल्याच तासाला आम्हाला दगड चाटायला लावले होते.

वर्गात आले ते सिमेंटची जुनी पिशवी खांद्यावर टाकून. पिशवी टेबलावर उपडी केली आणि म्हणाले, "एकेक उचला. जिभेला लावा."

पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, धुतलेत का?"

"कोट्यवधी वर्षं पाऊस पडतोय त्यांच्यावर. अजून किती धुवायचं?"

वर्ग हसला. मी हसले नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कॉलेजात काय काय करतात हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, इथं असंच असतं. मी निमूटपणे एक पांढरट तुकडा उचलला आणि जिभेला लावला. तो चिकटला. सोडवायला गेले तर जीभ ओढली जाऊ लागली.

सर जवळजवळ धावतच आले. "दाखीव! दाखीव! बघा रे, हिला सापडलं. दगड चिकटत नाही. जुनं हाड चिकटतं."

नदीकाठच्या गाळात मिळालेलं ते कुठल्यातरी जनावराचं फार जुनं हाड होतं. ही गोष्ट मी आईला आजवर सांगितलेली नाही.

सरांबद्दल लिहायचं ठरवलं खरं, पण मला नीट लिहिता येईल का, माहीत नाही. ते आम्हाला भूगोल शिकवायचे. धाराशिवच्या आमच्या कॉलेजात त्यांना सगळे ओळखायचे, आणि थोडे लांबूनच ओळखायचे. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम दगड असायचे. गॅरेजवाला म्हणायचा, "सर, एक तर दगड उतरवा न्हायतर मला पार्टनर करून घ्या. दर महिन्याला शॉकअप बदलतोय." स्टाफरूममध्ये त्यांच्या जागेवर कपबशी ठेवायला जागा नसे, म्हणून चहा ते उभ्यानं प्यायचे. घरी त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, कणीक मळता मळता सांगायच्या, "लग्नात मला वाटलं, भूगोल म्हणजे नकाशे. निदान नकाशे घडी करून ठेवता तरी येतात."

एकदा ते आम्हाला एसटीनं येरमाळ्याच्या घाटात घेऊन गेले. गाडीत येडेश्वरी देवीच्या दर्शनाला निघालेली माणसं होती. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथं काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक लाल पट्टा दिसतो. तो दिसला तसे सर चालत्या गाडीत उठून उभे राहिले आणि बोट दाखवत ओरडले, "बघा! तो बघा लाल!" गाडीतल्या सगळ्यांनी त्या दिशेला हात जोडले. एका बाईनं नाण्यासाठी कनवटीला हात घातला. सरांनी कुणाची चूक काढली नाही. एका थराचा लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधे कितीतरी काळ गेला, त्या काळात जी माती झाली ती ही, असं त्यांनी त्या बाईलाच समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "म्हंजे मदी थोडा दम घेतला म्हणा की जमिनीनं." सर आम्हाला म्हणाले, "लिहून घ्या."

पण त्यांची खरी ओळख एकाच शब्दात होती. दाखीव. कुणी काहीही सांगितलं की ते "चूक" म्हणत नसत, "बरोबर"ही म्हणत नसत. "दाखीव." प्राचार्य एकदा म्हणाले, यंदा विद्यार्थ्यांची हजेरी वाढली आहे. सर म्हणाले, "दाखवा." त्यावरून त्यांचं प्राचार्यांशी काही दिवस बोलणं बंद होतं.

दुसऱ्या वर्षाला असताना वर्गातल्या एका मुलानं मोबाइलवरचा व्हिडिओ आणला. जगभर एकाच वेळी महाप्रलय झाला होता, शास्त्रज्ञांनी मान्य केलंय, डोंगरावर जहाज सापडलंय, वगैरे. आम्हाला वाटलं सर हसतील. सरांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि त्या मुलाला खाली बसवून दुसऱ्याला उभं केलं. "तुला हे पटलं?" "नाही सर." "मग याची बाजू तू मांड. याच्यापेक्षा चांगली. हा स्वतः 'व्हय, असंच म्हणायचं होतं मला' म्हणाला पाहिजे. तोपर्यंत तुला विरोध करायचा हक्क नाही."

हा त्यांचा वादाचा नियम होता. त्या दिवशी फळा भरून गेला. मनू आणि माशाची गोष्ट, परदेशांतल्या प्रलयाच्या नौकांच्या गोष्टी, इतक्या लोकांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट कशी सांगितली, डोंगरावर समुद्राचे शंख कसे सापडतात. सगळं झाल्यावर सर म्हणाले, "छान. आता असा प्रलय झाला असता तर मागं काय उरलं असतं?" आम्हीच म्हणालो, गाळ. सगळीकडं एकाच वेळचा गाळ.

"चला."

कॉलेजच्या मागं एका शेतात विहीर खणत होते. आम्ही काठावर ओणवे होऊन बघत राहिलो. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, मग काळा पाषाण. "गाळाचा थर दाखीव," सर त्या व्हिडिओवाल्याला म्हणाले. तो बराच वेळ शोधत होता. मग सरांनी सांगितलं की डोंगरावर शंख आहेत कारण समुद्राचा तळच उचलला गेला, पाणी तेवढं चढलं नाही. तेवढं पाणी पृथ्वीवर नाहीच. निरनिराळ्या देशांत नदीच्या पुराचे थर सापडतात, पण ते वेगवेगळ्या काळातले. बर्फ वितळून समुद्र वर आला, किनारे बुडाले, हेही खरं, पण ते सावकाश.

मी भीतभीत विचारलं, "मग सर, गोष्ट खोटी?"

"खोटी कोण म्हणालं? साक्षीदाराला खोटं म्हणायच्या आधी तो कुठं उभा होता ते विचारावं. ज्याची चार गावं बुडाली तो 'चार गावं बुडाली' म्हणत नाही. 'जग बुडालं' म्हणतो. त्याचं जग तेवढंच होतं."

मला घरची आठवण झाली. कारण आमच्या घरी एक प्रलय होता.

बेंबळीच्या पुढं, नदीकाठी आमचं गाव आहे. गावाला लागून एक उंच माळ, माळावर देवीचं ठाणं आणि ठाण्यासमोर जमिनीत रोवलेला एक दगडी खुंटा. सगळी दुनिया बुडाली तेव्हा देवी गूळ करायच्या काहिलीत बसली, सात घरांची माणसं आणि सात घरांचं बी सोबत घेतलं, आणि पाण्यावरून तरंगत येऊन काहील या खुंट्याला बांधली. पाणी ओसरल्यावर ती सात घरं माळावरून खाली उतरली. त्यांतलं एक आमचं. ही गोष्ट सांगायचा मान आमच्या घराकडं आहे. आमची थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्या आहेत, पण चैत्रातल्या जत्रेत माझे वडील, आबा, गोष्ट सांगायला उभे राहिले की सरपंचही खाली बसतो. गोष्टीच्या शेवटी आबा ठाण्यामागची माती उकरून शिंपला काढून दाखवतात. "पुरावा मागत असाल तर ह्यो बगा. शिंपला काय पायानं चालत आला व्हय माळावर?" त्या मातीत शिंपल्यांचा चांगला जाड थर आहे.

मी एक शिंपला नेऊन सरांना दाखवला. सरांनी तो चाटला. मग त्यावर आम्लाचा थेंब टाकला. थेंब फसफसला. त्याच रविवारी सर स्कूटरवरून आमच्या गावात हजर.

त्या दिवशी माळावर लिंबाखाली जो वाद सुरू झाला तो पुढं दोन वर्षं चालला. सरांचं म्हणणं, नदी पूर्वी याच उंचीवरून वाहायची, मग खोल खोल कापत खाली गेली. हे शिंपले तिच्या जुन्या पात्रातले.

"म्हंजे पाणी वर हुतं," आबा म्हणाले.

"होतं."

"मग म्या काय येगळं म्हणालो?"

"तुम्ही म्हणता पाणी वर चढलं. मी म्हणतो नदी खाली गेली."

"मास्तर, शिंपल्याला इचारा. त्याला काय फरक पडतो?"

सरांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. ते सुट्टीच्या दिवशी यायचे, भाकरी खायचे आणि भांडायचे. आपल्या नियमाप्रमाणं आधी देवीची गोष्ट स्वतः सांगायचे, आणि ती इतकी चांगली सांगायचे की आबा म्हणायचे, "माझ्यापरीस ब्येस सांगता की तुमी. उगं कशाला नदीच्या नादाला लागलाव?"

निवृत्तीला वर्षभर उरलेलं असताना सरांनी या शिंपल्यांवर एक निबंध लिहिला. विद्यापीठाच्या चर्चासत्रात तो वाचायचा होता. मला म्हणाले, "सगळी नोकरी दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं. हे एवढं एकच माझं आहे. आणि आबांचं." बोलताना ते लाजले होते. मांडून ठेवायला म्हणून त्यांनी काही शिंपले माझ्याकडं स्वच्छ करायला दिले.

मी दात घासायच्या जुन्या ब्रशानं ते घासत बसले. माती निघाली, पण एका शिंपल्याच्या कडेला एक काळा डाग निघेना. जरा जोरात घासलं तर कडेचा पापुद्राच सुटला. तिथं शिंपला करपलेला होता. दुसरा घेतला. त्यालाही तसाच, तिथंच. तिसऱ्याला नव्हता, चौथ्याला होता. मग माझ्या लक्षात आलं की सगळे शिंपले तळहाताएवढेच आहेत. लहान एकही नाही. आणि दोन्ही झाकणं जुळतील अशी एकही जोडी नाही.

तो डाग मला ओळखीचा होता. जत्रेला आम्ही मुली-बायका नदीवरून पणती घेऊन माळ चढतो. दुसऱ्या दिवशी पणत्या घासायचं काम लहानपणापासून माझ्याकडं. वात टेकते तिथं पणतीचं तोंड असंच काळं होतं.

मी गावी गेले. आबा शेळीची धार काढत होते. मी विचारलं, "आबा, पणत्या यायच्या आधी दिवे कशात न्यायचे?"

"शिंपल्यात की. चैतात नदी आटली की पडलेलेच आसतात. माझी आजी सांगायची. फुडं कुंभार गावात ऱ्हायला आला, तवापासनं पणत्या."

"आणि ते शिंपले? नंतर?"

"माळावरच टाकून यायचं. देवीचा दिवा माघारी आनू न्हाय."

"मग ठाण्यामागचे शिंपले..."

"त्ये येगळे. त्ये देवीच्या काळातले," आबा सहज म्हणाले. आणि मग त्यांचा हात थांबला. शेळीनं मागं वळून बघितलं. आबांना दोन्ही गोष्टी जन्मभर माहीत होत्या, पण त्या कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

धारेचं भांडं बाजूला ठेवून ते म्हणाले, "ह्ये मास्तरला सांगू नगंस. त्येंचं बी जाईल आन् आपलं बी."

मला त्यांचं पटत होतं. खरं सांगायचं तर फार पटत होतं. मी गप्प राहिले असते तर आबांचा प्रलय राहिला असता, सरांची नदी राहिली असती, लिंबाखालचं भांडण राहिलं असतं. चर्चासत्राला आठवडाही उरला नव्हता. पण ज्या माणसानं मला बघायला शिकवलं त्याच्यापासूनच बघितलेलं लपवायचं, हे मला जमेना. मी सरांच्या घरी गेले आणि दारातच रडायला आलं.

"बोलू नको," सर म्हणाले. "दाखीव."

मी टेबलावरचे दगड सरकवून शिंपला ठेवला आणि काळ्या कडेवर बोट टेकवलं. आबांनी पणत्यांबद्दल जे सांगितलं तेही सांगितलं. सरांनी भिंग लावलं. मग दुसरा शिंपला घेतला, तिसरा घेतला. काकूंनी आणलेल्या चहावर साय धरली. सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "गोटे नव्हते."

"काय सर?"

"नदीचं पात्र असतं तर गोल गोटे पाहिजेत. पहिल्याच दिवशी मला दिसलं होतं, गोटे नाहीत. मी म्हटलं, सापडतील पुढं." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "मला नदी पाहिजे होती गं."

मला वाटलं आता ते मला जायला सांगतील. ते शिंपला तळहातावर घेऊन, त्यात वात लावल्यासारखा धरून उभे राहिले. स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, "अहो, ऐकलंत का? दिवे आहेत हे! आणि मी नदी नदी करत बसलो." आवाजात दुःख होतं, पण आनंदही होता. तसा आवाज मी पुन्हा कुणाचा ऐकला नाही.

मी म्हटलं, "आबांनी तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं."

"त्यांना मी सांगतो. ते ओझं तू घेऊ नको. आधी माझं मला खोडू दे." तिथंच त्यांनी विद्यापीठात चर्चासत्रवाल्यांना फोन लावला. "निबंध मागं घेतोय. नाही, माझी तब्येत बरी आहे. निबंधाची बिघडली."

पंधरा दिवसांनी जत्रा होती. ऊन उतरल्यावर आबा गोष्ट सांगायला उभे राहिले. काहील खुंट्याला बांधेपर्यंत आवाज नेहमीसारखा होता. "पुरावा मागत असाल तर..." एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि थांबले. माती उकरायला वाकलेच नाहीत.

सर गर्दीतून उठले. "आबा, परवानगी द्या."

आबांनी माइक दिला. सरांनी आधी आबांची बाजू मांडली, मग स्वतःची, आणि मग म्हणाले, "आम्ही दोघं दोन वर्षं भांडलो. दोघंही चुकलो. मी जास्त, कारण मला न चुकायचा पगार मिळतो." शिंपला वर धरून त्यांनी काळी कड दाखवली, ती कुणी दाखवून दिली तेही सांगितलं. माझ्याकडं सगळ्या माना वळल्या. मला माळाखाली पळून जावंसं वाटलं.

मागून एकजण ओरडला, "मग मास्तर, दोन साल भाकरी फुकट खाल्ल्या म्हणा की!"

"खाल्ल्या," सर म्हणाले. "ठेच्यासकट."

लोक हसले. आबा हसले नाहीत. "म्हंजे परलय झालाच न्हाय म्हणा की सरळ."

"ते मला दाखवता येत नाही, आबा. साऱ्या जगाचा झाला नाही, एवढं जमीन सांगते. पण तुमच्या या नदीला कधीतरी मोठा पूर आला असेल, खालचं गाव बुडालं असेल, माणसं बी घेऊन काहिलीतून इथं येऊन लागली असतील, असं मला वाटतं. नुसतं वाटतं. पुरावा नाही." मग त्यांनी ठाण्यामागं हात केला. "दाखवता येतं ते एवढंच. तुमची माणसं दर वर्षी हातात दिवा घेऊन या वाटेनं वर चढत राहिली. इतकी चढली, की दिव्यांचा थर झाला. मी आयुष्यभर नदीनं केलेले थर शिकवले, लाव्ह्यानं केलेले शिकवले. माणसांनी चालून चालून केलेला थर मी पहिल्यांदाच बघतोय."

आबांनी माइक परत घेतला आणि आरतीला सुरुवात केली. जेवणाच्या पंगतीत सर एकटेच कडेला बसले होते. पहिल्यांदाच त्यांच्याशी कुणी वाद घालत नव्हतं, आणि त्यांना काय करावं ते सुचत नसावं. पंगत अर्धी झाल्यावर आबा गुळाचा खडा घेऊन आले आणि सरांच्या पत्रावळीवर ठेवला.

"घ्या मास्तर. काहिलीतला हाय."

सर लगेच म्हणाले, "दाखवा काहील." मग दोघंही हसले.

सर आता निवृत्त होऊन तुळजापूरला राहतात. काकू सांगतात, कुठं नव्या लॉजचा पाया खणायला घेतला की हे तिथं हजर. मालकाला वाटतं नगरपालिकेचा माणूस आला, म्हणून आधी चहा मिळतो. मी आमच्याच कॉलेजात भूगोलात एम.ए. करतेय. आमच्या विभागाच्या कपाटात तो शिंपला अजून आहे. त्याखाली सरांनी लिहिलेली जुनी चिठ्ठी आहे, "नदीचं जुनं पात्र". त्यावर आडवी रेघ आणि खाली त्यांच्याच अक्षरात "दिवा". नवी चिठ्ठी लावू का विचारलं तर नको म्हणाले. रेघही दिसू दे म्हणाले.

यंदाच्या चैत्रात सरांना यायला जमलं नाही, गुडघा दुखत होता. आबा गोष्ट सांगायला उभे राहिले. मी जरा घाबरूनच ऐकत होते. दुनिया बुडाली, काहील तरंगली, खुंट्याला लागली, सात घरं उतरली. आणि मग आबा, गोष्टीतलाच पुढचा भाग असावा तसं, त्याच लयीत म्हणाले, "आता शिंपलं माळावर कसं आलं? आमी म्हणालाव परलयानं. आमचं मास्तर म्हणालं नदीनं. मास्तर चुकलं, आन् आमी बी चुकलाव."

बोलून ते थांबले. देवी काहील बांधते तिथं जसे थांबतात, तसे. मागं उभा असलेला कुणाचा तरी पाहुणा जावई न राहवून म्हणाला, "मग आले कशानं?"

आबा ठाण्यामागं गेले, वाकले, माती उकरून एक शिंपला काढला. धोतराच्या सोग्याला पुसला. आधी काळी कड नीट आपल्याकडं वळवून बघितली.

"हिकडं या पावनं," ते म्हणाले. "दाखीवतो."